केमो चालू असताना प्रभुभोजनाचा प्याला, आणि प्रार्थनेबद्दल एक प्रश्न

आळंदीरोडकर

सगळ्यांना जय ख्रिस्त. पहिल्यांदाच लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझी मिसेस ४६ वर्षांची आहे. मे महिन्यात तिच्या डाव्या स्तनात गाठ हाताला लागली. आठ दिवस तिने मला सांगितलंच नाही, कारण मुलीची सीईटी होती. मग मॅमोग्राफी, बायोप्सी, पेट स्कॅन. काखेतही गाठ निघाली. डॉक्टरांनी आधी केमो, मग ऑपरेशन, मग रेडिएशन असं ठरवलंय. दर एकवीस दिवसांनी एक असे चार लाल औषधाचे डोस आणि त्यानंतर दुसऱ्या औषधाचे बारा, आठवड्याला एक. दोन लाल झालेत. रक्ताचा रिपोर्ट बरा आला तर तिसरा पुढच्या गुरुवारी आहे.

आम्ही विश्रांतवाडीत राहतो. मी भोसरीत एका कारखान्याच्या टूलरूममध्ये आहे. मूळचे आम्ही राहुरी तालुक्यातले, आजोबांपासून ख्रिस्ती. रविवारची उपासना, उपवासकाळातल्या भक्तिसभा, नाताळात रात्री घरोघर गात फिरणं, सगळं लहानपणापासून अंगात मुरलेलं आहे. विश्वास मला नवा नाही. म्हणूनच आता जे होतंय त्याने गोंधळून गेलोय.

पहिल्या डोसला मी वडिलांचा छोटा नवा करार खिशात घालून नेला होता, त्यात मागे स्तोत्रंही आहेत. डे-केअरमध्ये ओळीने खुर्च्या. सिस्टरने ते लाल औषध मोठ्या सिरिंजमधून स्वतः हाताने, अगदी हळूहळू दिलं. मी तेविसावं स्तोत्र वाचायला घेतलं. मृत्यूच्या छायेच्या दरीचं चौथं वचन आलं आणि माझा आवाजच बंद झाला. तिने डोळे मिटूनच म्हटलं, "राहू द्या, पुढचं मला पाठ आहे." आणि सलाइन लावलेला हात न हलवता उरलेलं स्तोत्र तिने म्हटलं. घरी आल्यावर लघवी लाल झाली. आधी सांगून ठेवलं होतं की एक-दोन दिवस असं होतं, तरी ती घाबरली आणि मला हाक मारली.

दुसऱ्या डोसला मी प्रार्थना करूच शकलो नाही. पुस्तक उघडलं नाही. थेंब मोजत बसलो. माझं आयुष्य मायक्रॉन मोजण्यात गेलंय, हात दुसरं काही करेना. मिनिटाला किती थेंब, बाटली किती वाजता संपेल, एवढंच तीन तास डोक्यात. देवाला म्हणायला एक शब्द नव्हता.

त्यात नातेवाइकांकडून एक प्रार्थना गट घरी आला. बाहेरगावचे एक सेवक, म्हणजे प्रार्थना चालवणारे प्रचारक, बरोबर होते. त्यांनी सांगितलं, घरात कॅन्सर हा शब्द काढू नका. ती बरी होईल असंही म्हणू नका, "बरी झाली आहे" असं म्हणा. मी प्रार्थनेच्या शेवटी "प्रभू, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" म्हणालो, तर ते म्हणाले, हे वाक्य म्हणजे अविश्वासाला ठेवलेली खिडकी, ती आधी बंद करा. आणि येत्या रविवारी स्टेजवर येऊन तिने बरं झाल्याची साक्ष द्यावी. डोसनंतरचा नववा दिवस होता. तोंड आतून सोललेलं, पाणी पितानाही डोळ्यांत पाणी येत होतं. ती कष्टाने एवढंच म्हणाली, "मी अजून बरी झालेली नाही, भाऊ. खोटी साक्ष कशी देऊ?" दहा आज्ञांतलीच एक आज्ञा तिने त्यांच्यापुढे ठेवली. खोलीत कोणी बोललं नाही. जाताना त्यांच्यातल्या एका बाईने मला जिन्यात गाठून सांगितलं, तिसरा डोस घेऊ नका, तो घेतलात तर देवावर भरवसा नाही असं होईल.

डोस आम्ही घेणार आहोत, त्यात दुमत नाही. पण त्या रात्रीपासून ते खिडकीचं वाक्य माझ्या छातीत बसलंय. खरंच माझ्या अविश्वासाने तिचं बरं होणं अडत असेल तर?

एक गोष्ट विषयाला सोडून आहे, पण सांगतो. पहिल्या डोसच्या दुसऱ्या दिवशी माऊलींची पालखी आमच्या रस्त्याने गेली. शेजारच्या काकू दरवर्षी वारकऱ्यांना चहा देतात. संध्याकाळी त्या दारात आल्या, आत आल्या नाहीत, कारण डॉक्टरांनी माणसं कमी करायला सांगितलेलं त्यांना माहीत होतं. म्हणाल्या, "पालखीपुढे डोकं टेकलं तेव्हा हिचंच नाव घेतलं बघा." मी जिन्यात जाऊन रडलो. मला त्यात काही खटकलं नाही. त्यांनी आमच्याकडून काही वदवून घेतलं नव्हतं.

तर विचारायचं ते असं. "तुझ्या इच्छेप्रमाणे" म्हणणं हा अविश्वास आहे का? ज्यांच्या घरी हे दुखणं होऊन गेलंय, त्यांनी केमोच्या खुर्चीशेजारी बसून नेमकी काय प्रार्थना केली?

दुसरं व्यावहारिक आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं, म्हणजे प्रभूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी, आणि प्याला सगळ्यांना एकच. तरुणपणी दृढीकरण होऊन ते घ्यायला लागल्यापासून तिने ते चुकवलेलं नाही. आता पांढऱ्या पेशी कमी आहेत, संसर्गाची भीती आहे. तिला जायचंय. काय करू?

आणि महिला संघाच्या चौदा जणी शनिवारी प्रार्थनेला येणार म्हणतात. प्रेमाने येतायत. त्यांना नाही कसं म्हणायचं?


मिरजेची सिस्टर

जय ख्रिस्त, भाऊ. मी मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात शिकले, पुण्यात नोकरी करून निवृत्त झाले, आता वानवडीत असते. आधी तब्येतीचं बोलते, कारण ते थांबू शकत नाही.

या औषधात साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. त्या दिवसांत गर्दीत नेऊ नका. घरात चांगला थर्मामीटर ठेवा. ताप १००.४ फॅरनहाइट दिसला तर रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटलला फोन करून निघायचं, क्रोसिन देऊन सकाळपर्यंत वाट बघायची नाही. हे तुमच्या मुलीलाही पाठ करून ठेवायला लावा. पेशी वाढवायचं इंजेक्शन देत असतील तर त्यानंतर कंबर, मांड्या, हाडं ठणकतात, त्याने घाबरू नका, डॉक्टरांना सांगून गोळी घ्या. तोंडासाठी कोमट पाण्यात मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा घालून दिवसातून चार-पाच वेळा चुळा. तिखट बंद, मऊ भात, गार दूध चालेल.

प्याल्याचं. एकाच प्याल्यातून आत्ता नको. भाकर त्यात बुडवून घेतली तर चालेल असं लोकांना वाटतं, पण सगळ्यांची बोटं त्यातच जातात, त्यामुळे ते काही जास्त सुरक्षित नाही. पाळकसाहेबांना सरळ सांगा. आमचे पाळक म्हणायचे, आजारी माणसाने नुसती भाकर घेतली तरी त्याचं प्रभुभोजन पूर्ण होतं, उणं राहत नाही. नाहीतर ते घरी येऊन वेगळ्या छोट्या पेल्यात देतील. आजाऱ्याच्या घरी प्रभुभोजन नेणं हे त्यांचं कामच आहे, तुम्ही उपकार मागत नाही आहात.

चौदा जणींना सांगा, दोघी या, मास्क लावून, हात धुऊन, दहा मिनिटं. बाकीच्यांनी त्याच वेळी आपापल्या घरी गुडघे टेकावेत. आणि त्यांच्यातली एकजण डोसच्या दिवशी डबा देईल का ते विचारा. प्रभूने सांगितलेल्या गोष्टीतल्या चांगल्या शोमरोन्याने वाटेत पडलेल्या माणसाच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, उतारशाळेत नेलं आणि पैसेही भरले. त्या गोष्टीत तो जखमी माणसापुढे उभा राहून काही बोलला असं लिहिलेलं नाही.

जिन्यातल्या बाईंचं मात्र मला सहन झालं नाही, म्हणून जरा कडक लिहिते. डॉ. वॉनलेस मिरजेला आले ते मिशनरी म्हणूनच, आणि १८९४ मध्ये त्यांनी हॉस्पिटल उभं केलं. औषध म्हणजे अविश्वास असता तर आमच्या मिशनला त्याची काय गरज होती? बायबलात यशया संदेष्ट्याच्या अडतिसाव्या अध्यायात आजारी हिज्कीया राजा भिंतीकडे तोंड करून रडतो, देव म्हणतो मी तुझी प्रार्थना ऐकली, पंधरा वर्षं वाढवून दिली. आणि त्याच अध्यायात यशया सांगतो, गळवावर अंजिराचं पोटीस बांधा. प्रार्थना ऐकली गेली होती तरी पोटीस बांधलं. (तुमच्या मिसेसना मात्र सध्या सासवडची ताजी अंजिरं नकोत. जाड सालीची फळं द्या, केळं, संत्रं, स्वच्छ धुऊन आणि सोलून.)

खर्चाचं तुम्ही लिहिलं नाही. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत केमो बसते. तुमचं हॉस्पिटल त्यात असेल तर तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, रेशनकार्ड आणि आधार दाखवून विचारा, लाजू नका.


चिंचवडकर

भाऊ, मी शाळेत मराठी शिकवायचो. आमची ही २०१९ मध्ये गेली, अंडाशयाचा कॅन्सर होता. तुमच्याकडे तसंच होईल असं मी म्हणत नाही, दुखणं वेगळं, औषधं वेगळी. पण खिडकीचं ते वाक्य मीही ऐकलंय, म्हणून लिहितो.

गेथशेमाने बागेत प्रभूने स्वतः काय मागितलं? हा प्याला, म्हणजे पुढचं दुःख, माझ्यापासून टळो. आधी ते मागितलं. मोकळेपणाने, घाम गाळत, तीनदा. आणि मग म्हटलं, तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. तुम्ही जे म्हणालात ते त्याच्याच तोंडचं आहे. त्याला कोणी अविश्वासी म्हणेल का? फक्त एक विचारतो, राग मानू नका. तुम्ही पहिला अर्धा भाग म्हणता का? मी म्हणत नव्हतो. मी लगेच "तुझी इच्छा" वर उडी मारायचो, कारण "हिला बरं कर, मला ही हवी आहे" एवढं मागून ते मिळालं नाही तर काय, याची भीती होती. मागायचंच टाळत होतो.

आणि शब्द नसतील तर अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र काढा. त्यावर प्रवचन मी फारसं ऐकलेलं नाही. बाकीची बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटी कुठेतरी वळतात, स्तुतीवर येतात. हे वळत नाही, अंधारातच संपतं. तरी ते पवित्र शास्त्रात ठेवलंय आणि देवालाच उद्देशून आहे. मी ते हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये स्कूटरवर बसून मोठ्याने वाचायचो.

आमच्या घरी शेवटच्या दोन महिन्यांत माणसांनी "बरी झाली आहे" हेच धरून ठेवलं होतं. मीही. परिणाम असा झाला की तिला जे बोलायचं होतं ते कोणाशी बोलता येईना. मुलाच्या लग्नाचं, तिच्या आईच्या पाटल्यांचं, कुठे पुरायचं त्याचं. तिने विषय काढला की कोणीतरी म्हणायचं, असं बोलू नकोस, विश्वास ठेव. ती एकटी पडली, आणि आम्ही सगळे तिच्याभोवती बसलेलो. शेवटचे सोळा दिवस आम्ही वारज्याच्या सिप्ला केंद्रात होतो, कॅन्सरच्या माणसांचं दुखणं हलकं करणाऱ्या (पॅलिएटिव्ह) केंद्रात. १९९७ पासून ते चालू आहे, पैसे घेत नाहीत. तिथे तिच्या वेदना आटोक्यात आल्या आणि मग ती बोलली, आणि मी ऐकलं. तिथे फक्त अखेरीला जायचं असतं असं मला वाटायचं, ते चूक होतं. उपचार चालू असतानाही दुखण्यासाठी, उलट्यांसाठी, मनासाठी जाता येतं. हे मला आधी कळायला हवं होतं.

तुमच्या मिसेसनी त्या सेवकांना दिलेलं उत्तर मी वहीत लिहून ठेवलंय.


येरवड्याची ताई

दादा, मी खुर्चीत बसणारी होते. तीन वर्षं झाली उपचार संपून. तुमच्या मिसेसचंच औषध, लाल चार आणि नंतरचे बारा.

वरच्या दोघांचं पटतं, पण एक वेगळं सांगते. आमच्या उपवास-प्रार्थनेच्या गटाने माझ्यासाठी दर शुक्रवारी उपवास केला, आणि देवाने मला डॉक्टरांच्या हातून आणि त्यांच्या प्रार्थनेतून बरं केलं असं मी मनापासून मानते. मोठ्या आवाजात, हात वर करून प्रार्थना करणारे सगळेच त्या सेवकांसारखे नसतात. आमच्या गटातल्या बायकांनी मला एकदाही डोस सोड म्हटलं नाही. उलट एकजण माझ्याबरोबर रिक्षाने यायची. तेवढ्यासाठी सगळ्यांनाच दाराबाहेर ठेवू नका.

आता तुमच्यासाठी. तुम्ही थेंब मोजलेत ना, मला त्याचं वाईट वाटलं नाही. माझे मिस्टर पण काहीतरी मोजत बसायचे. मला तेव्हा प्रवचन नको असायचं, वाचलेलं डोक्यात टिकायचं नाही, एका वचनाच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात विसरायचे. यांनी मग त्यांच्या आवाजात मोबाइलवर स्तोत्रं रेकॉर्ड करून दिली, एक-एक मिनिटाची. मागे कुकरची शिट्टी वाजते, पोराने दार आपटलेलं ऐकू येतं. रात्री दोनला झोप यायची नाही तेव्हा मी तेच लावायचे. अजून जपून ठेवलंय.

बारावाल्या औषधात हातापायांच्या बोटांना मुंग्या येतात. गुंड्या लागेनात, चमचा सुटायला लागला तर तिने सोसत बसू नये, डॉक्टरांना लगेच सांगायला लावा. मी देवाची परीक्षा समजून सोसलं आणि अजून डाव्या पायाला बधिरपणा आहे.

केस गेले तेव्हा मी देवावर रागावले होते. तिला रागावू द्या.


आळंदीरोडकर

सिस्टर, सर, ताई, सगळं दोनदा वाचलं. मिसेसलाही वाचून दाखवलं. सर, तुम्ही वहीत लिहिलंत हे ऐकून ती लाजली आणि म्हणाली, त्यांना माझा जय ख्रिस्त सांगा.

सर, तुम्ही विचारलंत ते खरं आहे. पहिला अर्धा भाग मी म्हणतच नव्हतो. परवा रात्री गॅलरीत उभा राहून म्हटला. आळंदी रोडच्या गाड्यांच्या आवाजात, मोठ्याने. मला ही हवी आहे. आणखी वीस वर्षं हवी आहे. ते म्हणताना पाय कापत होते. दुसरा अर्धा मग म्हटला, पण वेळ लागला.

आई आतून ऐकत होती. तिला लिहिता-वाचता येत नाही, पण गावी लहानपणी ऐकलेली ख्रिस्ती कीर्तनं तिला तोंडपाठ आहेत. म्हणाली, अरे, त्या भट्टीपुढे उभ्या केलेल्या तिघांनी राजाला काय सांगितलं होतं? आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, आणि नाही सोडवलं तरी आम्ही तुझ्या मूर्तीपुढे वाकणार नाही. "नाही सोडवलं तरी" असं म्हणूनच ते भट्टीत गेले ना? मग त्यांचा विश्वास कमी होता का? मी दानीएलाचा तिसरा अध्याय काढून पाहिला, तसंच आहे. एवढी वर्षं वाचलंय आणि तेवढ्यावर कधी थांबलो नव्हतो.

पाळकसाहेबांना फोन केला. मला संकोच वाटत होता, पण तेच म्हणाले, मीच आधी यायला हवं होतं. शनिवारी संध्याकाळी आले, दाराशीच हात धुतले. तिने साडी नेसली, डोक्याला आईचा सुती रुमाल बांधला. आमच्याच घरातल्या काचेच्या छोट्या पेल्यात द्राक्षारस. तोंडातल्या जखमांवर तो झोंबला, तिने डोळे घट्ट मिटले, पण पेला पूर्ण रिकामा केला. महिला संघाच्या दोघीच आल्या. बाकीच्या बाराजणींनी सहा वाजता घरी प्रार्थना केली, आणि डब्याच्या पाळ्या लावून आमच्या मुलीला पाठवल्या. गुरुवारचा डबा कळसच्या मावशींकडून आहे, बिनतिखटाचा.

ताई, त्या सेवकांबरोबर जे आले होते त्यातल्या एका मुलाने परत फोन केला, रक्त लागलं तर माझा गट ओ पॉझिटिव्ह आहे म्हणाला. तुम्ही म्हणालात म्हणून त्याच्याशी नीट बोललो.

सकाळी तिचं रक्त तपासायला देऊन आलो. डोसला चालेल इतक्या पेशी आहेत असा डे-केअरमधून आत्ताच फोन आला. उद्या साडेआठला पोहोचायचंय. मोबाइलवर तेविसावं स्तोत्र रेकॉर्ड करायला बसलो होतो. चौथ्या वचनाला परत आवाज गेला. तिला म्हटलं, खोडून पुन्हा करतो. ती म्हणाली, राहू द्या तसंच, तिथून पुढे मी म्हणते. आता त्यात आम्हा दोघांचे आवाज आहेत.